बंद पाकिटातला उजेड : अंधारात चमकणाऱ्या रेट्रो गाड्यांची चिकित्सा

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की खेळण्यातल्या गाडीवर एवढं काय बोलायचं? पण आपण सिनेमाच्या पोस्टरवर बोलतो, साडीच्या काठावर बोलतो, रेल्वे स्टेशनच्या कमानींवरही बोलतो. मग ज्या वस्तूसाठी नोकरी करणारी, घराचे हप्ते भरणारी मोठी माणसं रात्री जागून ऑनलाइन विक्री सुरू व्हायची वाट बघतात, ती वस्तू समीक्षेला पात्र नक्कीच आहे.

वस्तू कोणती, ते आधी स्पष्ट करते. तळहातात मावणारी, साधारण एकास चौसष्ट या प्रमाणातली गाडी. आकार साठच्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांचा. लांब बॉनेट, मागची चाकं पुढच्यांपेक्षा मोठी, इंजिन उघडं. कधी ती शववाहिका असते, कधी कवट्यांची आणि वटवाघळांची सजावट केलेली हॉट रॉड. मागे पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर जुन्या वळणाचं चित्र, आणि गाडीवर पारदर्शक प्लास्टिकचा फुगा. कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही अंधारात चमकते. दिवसा तिचा रंग दुधी, किंचित हिरवट, थोडा आजारीच म्हणा ना. दिवा मालवला की हिरवागार. अशा गाड्या एकच कंपनी काढत नाही, त्यामुळे मी एका मॉडेलचं परीक्षण करणार नाही. हा सगळा प्रकारच आपण तपासू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला ते पडताळून बघता येईल. ही गाडी दोन वचनं देते. एक पळण्याचं, दुसरं चमकण्याचं. दोन्ही वचनं वस्तू वापरल्याशिवाय पुरी होत नाहीत. आणि ती विकली मात्र जाते न वापरण्यासाठी. एवढंच असतं तर आपण हसून सोडून दिलं असतं. पण 'रेट्रो' म्हणून ती ज्या भूतकाळाची आठवण विकते, त्या भूतकाळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे खेळणं, तीच त्यातून गळून गेली आहे.

'रेडियम' हा आपला शब्द

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. अंधारात चमकणाऱ्या वस्तूला आपल्याकडे काय म्हणतात? रेडियम. छताला चिकटवायच्या चांदण्या रेडियमच्या, घड्याळाचे काटे रेडियमचे, ट्रकच्या मागची लाल-पिवळी पट्टी रेडियमची. बाइकच्या टाकीवर 'आई' असं कापून लावून देणारं दुकानही रेडियमचंच. गंमत बघा, यातल्या आजच्या एकाही वस्तूत रेडियम नाही. आणि या सगळ्यांचं तत्त्वही एक नाही. ट्रकची पट्टी स्वतः चमकतच नाही. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड ती परत फेकते. छतावरची चांदणी उजेड साठवते आणि हळूहळू सोडते. खरं रेडियम मात्र तिसऱ्याच जातीचं होतं.

रेडियमचा शोध १८९८ सालचा, मेरी आणि पिएर क्यूरी यांचा. पुढे रेडियमचे क्षार आणि झिंक सल्फाइड यांचं मिश्रण करून चमकता रंग तयार झाला. रेडियममधून सतत किरणोत्सर्ग होतो, त्याने झिंक सल्फाइड उजळतं. म्हणजे या रंगाला आधी उजेड दाखवावा लागत नव्हता, पेटीत ठेवला तरी तो चमकत राहायचा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात घड्याळांच्या तबकड्यांवर या रंगाने आकडे काढायचं काम तरुण मुली करत. कुंचल्याचं टोक बारीक राहावं म्हणून तो ओठांत धरून टोकदार करायला त्यांना शिकवलं होतं. त्यांची हाडं, जबडे सडले, कित्येक जणी मेल्या. पाच जणींनी कंपनीविरुद्ध दावा लावला आणि १९२८ साली तडजोड झाली. 'रेडियम गर्ल्स' म्हणून इतिहास त्यांना ओळखतो.

हे मी इथे का सांगते आहे? कारण त्या जुन्या घड्याळांचं आज काय झालं, हे फार बोलकं आहे. रेडियमचं अर्धायुष्य सोळाशे वर्षांचं. पण त्याच्या सततच्या माऱ्याने झिंक सल्फाइड काही वर्षांत, फार तर काही दशकांत निकामी होतं. त्यामुळे जुन्या तबकड्या आज चमकत नाहीत, पण किरणोत्सर्ग चालूच असतो. उजेड संपला, धोका उरला. रेट्रो गाडीच्या कार्डावर हा भूतकाळ तुम्हाला दिसणार नाही. आपल्या भाषेत मात्र तो एका शब्दात अडकून राहिला आहे, अर्थ विसरून का होईना.

चार वर्षांची एक गाडी

आता गाडीकडे येऊ. 'रेट्रो' म्हटलं की आपल्याला वाटतं, कुठल्या तरी एका काळाची ही नक्कल आहे. पण सुटी करून बघितली तर या गाडीत निदान चार वेगवेगळे काळ जोडलेले सापडतात.

पहिला काळ आकाराचा. १९५७ साली युनिव्हर्सलचे जुने भयपट अमेरिकन टीव्हीवर दाखवायला सुरुवात झाली आणि फ्रँकेन्स्टाइन, ड्रॅक्युला, ममी यांना शाळकरी पोरांची नवी पिढी मिळाली. ऑरोरा नावाच्या कंपनीने १९६१ साली फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचं प्लास्टिक किट काढलं. सुटे भाग तोडून, चिकटवून, रंगवून आकृती उभी करायची. ते तुफान चाललं. त्याच सुमारास तिकडे गाड्या कापून-जोडून अतरंगी करायचं वेड होतं. एड रॉथ हा त्यातला बडा कलाकार. ऑरोराने दोन्ही वेडं एकत्र केली. १९६४ ते १९६६ या काळात ड्रॅक्युलाची ड्रॅगस्टर आली, फ्रँकेन्स्टाइनची मोडकी फ्लिव्हर आली, ममीचा रथ आला, शेवटी गॉडझिलाची गो-कार्टसुद्धा आली. भूत गाडी चालवतंय, ही कल्पना तिथली.

दुसरा काळ चमकण्याचा, १९६९. ऑरोराने आपल्या राक्षसांची नवी मालिका काढली, 'फ्रायटनिंग लाइटनिंग'. भागांचे साचे तेच, पण चेहरा, हात असे काही भाग चमकणाऱ्या प्लास्टिकमध्ये जादा दिलेले. साधा भाग लावायचा की चमकणारा, हे पोराने ठरवायचं. ही मालिका मुळात उभ्या आकृत्यांची होती. म्हणजे राक्षसाची गाडी आणि राक्षसाची चमक या दोन गोष्टी वेगवेगळ्या वर्षांच्या. आजची रेट्रो गाडी त्या एकत्र करते आणि म्हणते, असं होतं बरं का तेव्हा! हे नॉस्टॅल्जियाचं नेहमीचंच तंत्र आहे. दोन खऱ्या आठवणी जोडून एक न घडलेली आठवण तयार करायची. मी याला खोटेपणा म्हणणार नाही, लोककथाही अशाच होतात. पण ही नक्कल नसून जुळणी आहे, हे ध्यानात असावं.

तिसरा काळ रसायनाचा, आणि हा कार्डावर कधीच लिहिलेला नसतो. साठच्या दशकातली चमक झिंक सल्फाइडची. उजेड दाखवला की काही मिनिटं बऱ्यापैकी, मग मंद मंद होत विझणारी. १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचं नवं चमकतं द्रव्य आणलं. त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम यांचे कण मिसळलेले असतात. उजेडाची ऊर्जा स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनना वर ढकलते, काही इलेक्ट्रॉन खाचेत अडकल्यासारखे अडकतात आणि खोलीच्या उबेने एकेक करून सुटत राहतात. त्यामुळे हे द्रव्य जास्त तेजाने आणि मिनिटांऐवजी तासांच्या हिशोबात चमकतं. म्हणजे आजच्या रेट्रो गाडीत हे नवं द्रव्य वापरलं असेल, तर तिची चमक कुठल्याच साठच्या दशकातल्या पोराने पाहिलेली नाही.

चौथा काळ दुर्मीळपणाचा. १९९४ साली प्लेइंग मँटिस या कंपनीने 'जॉनी लाइटनिंग' हे १९६९चं जुनं नाव पुन्हा बाजारात आणलं. त्याच दशकात त्यांनी भुताटकीच्या गाड्यांची मालिका काढली आणि नाव दिलं, पुन्हा तेच, 'फ्रायटनिंग लाइटनिंग'. ऑरोराच्या जुन्या किटांचे नवे साचे करून ते ज्या नावाने विकले तेही बघण्यासारखं आहे: पोलर लाइट्स. ऑरोरा म्हणजे ध्रुवीय प्रकाशच की! १९९५ साली हॉट व्हील्सने 'ट्रेझर हंट' आणलं: बारा गाड्या, प्रत्येकी फक्त दहा हजार. इथून पुढे दुर्मीळपणा कारखान्यात तयार व्हायला लागला. माझ्या मते या चार काळांपैकी हा सगळ्यात निर्णायक आहे.

खरा दुर्मीळपणा कुठून येतो

आता हॉट व्हील्सच्या जगातली एक गाडी बघू, जिची किंमत एक लाख डॉलरच्या पुढे सांगितली जाते. फोक्सवॅगन बीच बॉम्ब. १९६९ची नमुना-गाडी, मागच्या खिडकीतून दोन सर्फबोर्ड बाहेर आलेले. गुलाबी रंगातल्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. ही एवढी दुर्मीळ का झाली? कंपनीने 'मर्यादित आवृत्ती' जाहीर केली होती म्हणून? अजिबात नाही. ती नीट पळेना म्हणून. मॅटेलच्या ट्रॅकवर 'सुपर चार्जर' नावाचं यंत्र असे; फिरत्या चाकांमधून गाडी गेली की तिला वेग मिळायचा. ही गाडी पडली अरुंद आणि वरून जड. त्यात ती चालेना. मग रचना बदलली, बाजू रुंद केल्या, सर्फबोर्ड कडेच्या खाचांत बसवले, आणि ती सुधारलेली गाडी विक्रीला गेली. म्हणजे खेळण्यातल्या गाड्यांच्या जगातली सर्वांत महाग गाड्यांपैकी एक महाग आहे, कारण कुणीतरी तिला पळवून बघितलं!

दुसरंही तसंच. साठच्या दशकातल्या गाड्या चांगल्या अवस्थेत कमी सापडतात, कारण पोरं त्यांच्याशी खेळली. त्या जिन्यावरून गेल्या, मातीत गेल्या, भावाच्या गाडीवर आपटल्या. भारतात ऐंशीच्या दशकात लिओ मॅटेलने हॉट व्हील्स बनवल्या, मूळ गाड्यांपेक्षा वेगळ्या रंगांत, वेगळ्या स्टिकरांसह. आज त्या परदेशी संग्राहक शोधत असतात. आपल्या घराघरांत त्या कोबा आणि शहाबादी फरशीवर झिजून गेल्या. दुर्मीळपणा हा खेळण्याचा अवशेष आहे. सगळ्यांनीच सगळं जपून ठेवलं, तर पन्नास वर्षांनी दुर्मीळ काय असणार?

कार्ड आणि खोकं

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पारदर्शक फुग्यातून उजेड आत जातोच की! मग बंद पाकिटातही गाडी चमकेल. बरोबर. जाते आणि चमकतेही. पण संग्राहक काय करतो? उन्हाने कार्डाची शाई उडते, प्लास्टिक पिवळं पडतं. म्हणून गाडी उजेडापासून लांब ठेवायची. कपाटात, खोक्यात, पलंगाखालच्या पेटीत. जी वस्तू उजेड साठवून अंधारात चमकायला बनवली, ती कायम अंधारात पडून राहते आणि चमकत नाही, कारण तिला उजेड मिळतच नाही. दुसऱ्या कुठल्याही संग्राह्य खेळण्यात ही विसंगती इतकी उघडी पडत नाही.

या कार्डाचा इतिहासही बघायला हवा. मॅचबॉक्स हे नावच खोक्यावरून आलं. लेस्नी कंपनीच्या जॅक ओडेलच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने तिला छोटा रोडरोलर करून दिला, अशी ती प्रसिद्ध गोष्ट. खोकं उघडतं आणि बंद होतं. खेळ संपला की गाडी आपल्या घरी. १९६८ साली हॉट व्हील्स आली ती कार्डावर, दुकानातल्या खुंटीवर टांगायला सोयीची. हे पाकीट एकदाच उघडतं, तेही फाडून. फाडलं की किंमत पडते. म्हणजे 'खेळायचं की जपायचं' हा आजच्या संग्राहकाचा जो पेच आहे, तो दुकानाच्या सोयीतून जन्मला आहे. जपानच्या टोमिकाने १९७० पासून खोकंच ठेवलं, आणि तिथे गाडी बाहेर काढणं हा गुन्हा वाटत नाही.

मग चांगली कोणती?

समीक्षा म्हणजे नुसती तक्रार नव्हे. काही गाड्या खरोखर चांगल्या असतात. मी तीन कसोट्या लावते.

पहिली: चमक कशात आहे? स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचे स्फटिक जितके बारीक दळावे तितकी चमक कमी होते. म्हणून रंगात ते भरड ठेवावे लागतात आणि थर जाड द्यावा लागतो, शिवाय खाली पांढरा अस्तर. एवढ्याशा धातूच्या गाडीवर असा जाड थर दिला की दाराच्या रेघा, ग्रिलच्या बारीक फटी बुजून जातात. आता १९६८च्या हॉट व्हील्सचा रंग आठवा: चकाकत्या धातूवर पारदर्शक रंगीत लाखेचा पातळ थर, आतून धातू झळकणारा. ते सौंदर्य आणि हे सौंदर्य एका पत्र्यावर नांदू शकत नाही. समजदार रचनाकार म्हणून धातूला हात लावत नाही. तो चाकं चमकवतो, आतल्या सीट चमकवतो, नाहीतर शववाहिकेतली शवपेटी. द्रव्य प्लास्टिकमध्येच मिसळलेलं असतं, थर चढत नाही. अंधारात फक्त चार हिरवी कडी जमिनीवरून घरंगळत जाताना दिसली, की कल्पना सार्थ झाली असं म्हणायचं.

दुसरी: चमक आकाराला काही अर्थ देते का? शववाहिका चमकली तर त्यात विनोद आहे, भीती आहे. कुठलीही जुनी स्पोर्ट्स कार हिरवी केली तर उरते फक्त युक्ती. ऑरोराच्या पोराला 'हा हात चमकवू की चेहरा' असा निर्णय घ्यावा लागायचा. तो निर्णय आज कारखान्याने घेतला आहे, तर निदान विचार करून घ्यावा.

तिसरी: गाडी पळते का? फरशीवर हलकेच ढकला. सरळ जाते की वळते, किती लांब जाते. १९६८ साली हॉट व्हील्सने बाजार मारला तो बारीक तारेच्या आसांवर आणि कमी घर्षणाच्या चाकांवर. मॅचबॉक्सला पुढच्याच वर्षी 'सुपरफास्ट' चाकं आणावी लागली. सगळी लढाई पळण्याची होती. संग्राहकांसाठीच्या काही गाड्या चाकांना रबरी टायर लावून दिसायला सुंदर करतात आणि पळायला जड. त्या मी छोट्या पुतळ्यांत धरते.

या तिन्ही कसोट्या लावायच्या तर पाकीट फोडावंच लागतं. बंद पाकिटातली गाडी चांगली की वाईट, हे आपल्याला कळूच शकत नाही. तिची फक्त किंमत कळते.

आणि यात मुलांचाही प्रश्न आहे. दुकानात या गाड्या मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर टांगलेल्या असतात. त्यातल्या बऱ्या बऱ्या मोठी माणसं आधीच निवडून नेतात, कधी विकण्यासाठी. आठवण जपायच्या नावाखाली आपण नवी आठवण तयार होण्याची जागा रिकामी करतो आहोत का, हे प्रत्येक संग्राहकाने स्वतःला विचारावं. उत्तर मी देणार नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मॅडम, माझ्याकडे साठ-सत्तर गाड्या बंद पाकिटात आहेत. त्या सगळ्या फोडायच्या का?*

नाही हो, असं मी कशाला सांगू! जपण्यातही प्रेम असतं. माझं एवढंच म्हणणं आहे, की जमलं तर एकाच गाडीच्या दोन घ्या. एक ठेवा, एक चालवा. आणि एकच असेल आणि ती चमकणारी असेल, तर माझं मत फोडण्याच्या बाजूने. साध्या गाडीची रचना निदान पाकिटातून दिसते, हिचा स्वभाव पाकिटातून कळत नाही.

*प्रश्न : गुंतवणूक म्हणून या गाड्या कशा?*

मी समीक्षक आहे, दलाल नाही. (हशा) पण आत्ताच्या बोलण्यातूनच एक तर्क निघतो. जी वस्तू पहिल्या दिवसापासून हजारो लोकांनी जपून ठेवली आहे, ती उद्या दुर्मीळ होईल असं मानायला आधार कमी आहे. बीच बॉम्ब कुणी गुंतवणूक म्हणून बनवली नव्हती.

*प्रश्न : माझ्या मुलाची गाडी नीट चमकत नाही. खराब आहे का?*

बहुतेक नसावी. तिला ट्यूबलाइटच्या किंवा पांढऱ्या एलईडीच्या अगदी जवळ दहाएक मिनिटं ठेवा, किंवा थोडा वेळ उन्हात. पिवळ्या मंद दिव्याने फारसं काही होत नाही, कारण या द्रव्याला निळ्या आणि अतिनील बाजूचा उजेड लागतो. मग दिवा मालवा आणि लगेच निकाल लावू नका. आपल्या डोळ्यांनाच अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. सरावलेला डोळा हिरव्याच्या आसपासच्या रंगाला सगळ्यात संवेदनशील असतो, आणि हे द्रव्य नेमकं तिथेच, सुमारे ५२० नॅनोमीटरवर चमकतं. तेव्हा मुलाशेजारी अंधारात थोडा वेळ बसा. गाडी त्यालाच ढकलू द्या.